सणाचा स्वयंपाक आणि देवाची वेळ

मार्गशीर्ष ही आपली विभूती असल्याचे भगवंतांनी गीतेच्या दहाव्या अध्यायात सांगितले आहे. आमच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात हा काळ जत्रांचा. कार्तिकात सुरू झालेले दहीकाले आज या गावी तर उद्या त्या गावी असे चालू असतात. देवळांच्या आवारात दशावतारी मंडळींचे पेटारे उघडतात आणि खाजाच्या व खडखड्या लाडवांच्या दुकानांपुढे पोराबाळांची गर्दी जमते. घरोघर महालक्ष्मीचे गुरुवार चाललेले असतात. दत्तजयंतीच्या कीर्तनासाठी मृदंगाला शाई चढलेली असते. याच दिवसांत मालवण, देवबाग, वेंगुर्ले, सावंतवाडी या बाजूच्या ख्रिस्ती घरांच्या पडव्यांत कागदी चांदण्या टांगल्या जातात आणि परसातल्या चुलीवर शिजणाऱ्या माडाच्या गुळाचा वास वाटेवर येऊ लागतो. नाताळ जवळ आल्याचे त्या वासावरून साऱ्या वाडीला कळते.

धर्मविषयक पानावर एका कीर्तनकाराने नाताळच्या जेवणाविषयी लिहावे, याचे काही भाविकांस नवल वाटेल. आमच्या घरी मांसाशन नाही. सोवळ्याचा स्वयंपाक आजही चालतो. ख्रिस्ती घरच्या भांड्यांत काय शिजते याची चर्चा करणे हा या लेखाचा हेतू नाही. तो स्वयंपाक केव्हा शिजतो, कोणत्या क्रमाने शिजतो आणि तसा क्रम त्या घरांनी का लावला, हा आमचा विषय आहे. कारण त्या क्रमात आपल्या घरांच्या सणांना उपयोगी पडणारी एक गोष्ट आहे, आणि तिचा संबंध थेट देवापुढे बसण्याशी आहे.

शेजारचा धर्म आणि शेजारधर्म

‘नाताळ’ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीज भाषेतून आला; त्याचा मूळ अर्थ जन्म. येशू ख्रिस्ताचा जन्मदिवस म्हणून २५ डिसेंबर हा दिवस पाळण्याची प्रथा इसवी सनाच्या चौथ्या शतकात रोममध्ये रूढ झाली होती. आमच्या किनाऱ्यावरील अनेक ख्रिस्ती घराण्यांचे मूळ गोव्यात आहे. ती तेरेखोल नदीच्या अलीकडे आली आणि येथेच रुजली. सन २००५ मध्ये पुणे धर्मप्रांतातून वेगळा होऊन सिंधुदुर्ग हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. ही मंडळी घरात आमच्यासारखीच बोली बोलतात, माडाची आणि मासळीची चिंता आमच्यासारखीच करतात, आणि गणपतीच्या दिवसांत शेजारच्या घरी दर्शनाला येतात.

मराठी भाषा आणि ख्रिस्ती भक्ती यांचे नातेही जुने आहे. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज धर्मोपदेशक १५७९ मध्ये गोव्यात आला. त्याने पुराणाच्या धाटणीवर, ओवी छंदात, सुमारे ११ हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ मराठीत रचले आणि १६१६ मध्ये ते छापले गेले. पुढे रत्नागिरी जिल्ह्यात करजगावी १८६१ मध्ये जन्मलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती झाल्यावरही कीर्तनाची आणि अभंगाची परंपरा सोडली नाही. त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. नारदांची गादी चालवणाऱ्या आमच्यासारख्यांना या दोन नावांविषयी आपुलकी वाटावी, हे स्वाभाविकच आहे.

चार आठवड्यांचा स्वयंपाक

नाताळापूर्वीच्या चार रविवारांच्या काळास ख्रिस्ती मंडळी आगमनकाळ म्हणतात. हा प्रतीक्षेचा आणि आत्मशोधनाचा काळ. सणाच्या आदल्या दिवशी उपवास करण्याची जुनी रीत होती. आपल्याकडे एकादशीचा उपवास आणि द्वादशीचे पारणे यांचा जो संबंध, तोच तेथे आदला दिवस आणि नाताळ यांचा. आता ज्याला पारणे वेळेवर सोडायचे आहे, त्याचे अन्न आधी सिद्ध असले पाहिजे. अंबरीष राजाच्या आख्यानात द्वादशीची घटका टळू नये म्हणून केवढी घालमेल झाली, हे भागवत ऐकणाऱ्यांस ठाऊक आहे. नाताळच्या जेवणाची पूर्वतयारी याच गरजेतून वाढली. मध्यरात्रीची मिसा आटोपून घरी परतल्यावर चूल पेटवत बसणे कोणालाच शक्य नसते.

म्हणून ही घरे स्वयंपाकाचे भाग पाडतात. जे पदार्थ सर्वांत अधिक टिकतात ते सर्वांत आधी, आणि जे मुळीच टिकत नाहीत ते अगदी शेवटी, एवढे एकच सूत्र असते.

चार-सहा आठवडे आधी तांदूळ धुऊन, सावलीत वाळवून त्यांची पिठी केली जाते. केकसाठी मनुका, बेदाणे, सालींचा मुरंबा असा सुका मेवा रममध्ये भिजत पडतो. ज्या घरांत मद्य वर्ज्य आहे तेथे संत्र्याच्या रसात, मात्र तो फार आधी भिजवता येत नाही. माडीचा शिरका मातीच्या बरणीत आंबून तयार असतो. आमच्या किनाऱ्यावर माडावर चढून माडी काढण्याचे कसब भंडारी समाजाचे. ती माडी ताजी असताना पीठ आंबवण्यास उपयोगी पडते आणि आंबट झाली की तिचा शिरका होतो.

आठवडाभर आधी तळणीचे पदार्थ होतात. नेवऱ्यो म्हणजे आपल्या करंज्याच. कुलकुल हा शंकरपाळ्याचा भाऊबंद. पिठाची लहानशी गोळी फणीवर किंवा काट्यावर दाबून वळवायची, तळायची आणि साखरेच्या पाकात घोळवायची. हे काम एकट्याने होत नाही. संध्याकाळी घरातील मुले, शेजारच्या मुली, म्हातारी माणसे परातीभोवती बसतात. पदार्थ पूर्ण निवल्याखेरीज डब्यात भरायचा नाही, ही येथील पहिली शिस्त. कोमट पदार्थ डब्यात घातला की आत घाम धरतो, पदार्थ मऊ पडतो आणि चार दिवसांत बुरशी येते.

तीन-चार दिवस आधी दोदोल, बेबिंका आणि पेरूची वडी. दोदोल म्हणजे तांदळाची पिठी, नारळाचा रस आणि माडाचा काळा गूळ. मिश्रण कढईची कड सोडून तेल सुटेपर्यंत ते तासन्‌तास न थांबता ढवळावे लागते. म्हणून ढवळणारे हात पाळीपाळीने बदलतात, आणि या कामात पुरुषही मागे राहत नाहीत. बेबिंक्याचे तर थर असतात, बहुधा ७, कोठे त्याहून अधिक. एक थर वरच्या निखाऱ्यांवर भाजून झाल्याखेरीज दुसरा ओतता येत नाही. रव्याचा आणि नारळाचा ‘बात’ करायचा तर मिश्रण आदल्या रात्री भिजवून ठेवतात, म्हणजे रवा फुगतो.

मांसाहारी घरांत शिरका घातलेले मसालेदार पदार्थ याच सुमारास शिजतात. सोरपोतेल हा डुकराच्या मांसाचा पदार्थ त्यांपैकी प्रसिद्ध. तो तीन-चार दिवस मुरला की अधिक चांगला लागतो असे जाणकार सांगतात. शीतकपाट घरोघर नव्हते तेव्हा तो रोज एकदा उकळून ठेवीत. आंबट द्रव्यात कुजवणारे जंतू सहसा वाढत नाहीत, हे त्यामागचे कारण. लोणचे घालणाऱ्या आपल्या गृहिणींस ते वेगळे सांगावयास नको.

आदल्या दिवशी सान्नांसाठी तांदूळ वाटून माडीत आंबवत ठेवायचे, मसाला भाजून ठेवायचा, घर सारवायचे, गोठ्याचा देखावा मांडायचा. खुद्द सणाच्या दिवशी चुलीवर उरते ते फारच थोडे: भात, मासळी, आणि नारळाच्या रसाचे जे काही असेल ते.

आमच्या परिचयातील एका वृद्ध ख्रिस्ती सुगरणीला आम्ही एकदा विचारले, की एवढे सगळे महिनाभर आधीपासून कशासाठी? एखादा पदार्थ कमी केला तर चालणार नाही का? डोक्यावरचा पदर सावरीत ती म्हणाली, “बुवांनू, देव येतलो त्या राती मी चुलीकडे बसलंय, तर देवाक बघतलंय कधी?”

आमच्या साऱ्या व्युत्पत्तीला या प्रश्नापुढे थोडा वेळ गप्प राहावे लागले.

शिळे कोणते, टिकाऊ कोणते

येथे भाविक वाचक एक शंका घेतील, आणि ती रास्त आहे. आपल्या धर्मात शिळे अन्न निषिद्ध नाही का? गीतेच्या सतराव्या अध्यायात पर्युषित, म्हणजे रात्र उलटलेले, रस गेलेले अन्न तामस म्हटले आहे. मग आधी करून ठेवलेले अन्न सणाला कसे चालावे?

शास्त्राने याचा सूक्ष्म विचार केला आहे. मनुस्मृतीचा पाचवा अध्याय आणि याज्ञवल्क्यस्मृतीचा आचाराध्याय या दोन्ही ठिकाणी पर्युषित अन्नाचा निषेध सांगून लगेच अपवाद दिले आहेत. तूप-तेलाने युक्त असे निर्दोष अन्न रात्र उलटली तरी खाण्यास योग्य ठरवले आहे. गहू, जव आणि दूध यांचे पदार्थ तर स्नेहाविनाही चालतात असे म्हटले आहे. याचा अर्थ असा, की शास्त्रकारांनी केवळ घड्याळ पाहिले नाही. पदार्थाचा स्वभाव पाहिला. ज्यात पाणी अधिक ते लवकर बिघडते, ज्यात स्नेह आणि साखर अधिक ते टिकते, हा अनुभव त्या वचनांच्या मुळाशी आहे. दिवाळीचा फराळ आपण आठ दिवस आधी करतो आणि लक्ष्मीपूजनास त्याचाच नैवेद्य दाखवतो, तो याच आधारावर.

जगन्नाथपुरीच्या महाप्रसादाचेही असेच दोन प्रकार आहेत. भात, डाळ, भाज्या यांचा ‘संकुडी’ प्रसाद तेथेच, ताजाच ग्रहण करायचा. आणि ‘सुखिला’ म्हणजे सुका मिष्टान्नाचा प्रसाद, जो यात्रेकरू गावी घेऊन येतात. तिरुपतीचा लाडू देशोदेशी पोहोचतो तो तूप-साखरेच्या बळावर. श्रावणातील शीतला सप्तमीस तर चूल पेटवायचीच नाही, आदल्या दिवशी रांधलेले थंड अन्न खायचे, असे व्रतच आहे. गुजराती मंडळी त्या आदल्या दिवसाला रांधण छठ असे नावच देतात. वर्षातून एक दिवस चुलीला आणि चुलीपाशी राबणारीला विसावा मिळावा, असाही त्या व्रताचा एक अर्थ आम्हांस वाटतो.

तेव्हा नियम असा ध्यानी घ्यावा: देवाचा नैवेद्य थोडा असावा आणि ताजा असावा, माणसांची पंगत मोठी असावी आणि तिची तयारी आधी झालेली असावी. या दोहोंची गल्लत झाली की घरातील बायका पहाटे तीनला उठतात आणि दुपारी तीनला जेवतात.

सोयीस धोक्याची जोड नको

आधी करून ठेवण्याच्या उत्साहात पंगतीस अपाय होऊ नये, म्हणून चार व्यवहाराच्या गोष्टी सांगणे आवश्यक आहे. डिसेंबरातही आमच्या किनाऱ्यावर दुपार उष्णच असते. गणपतीच्या भाद्रपदात तर हवा दमट. अशा हवेत शिजलेले ओले अन्न दोन तासांहून अधिक काळ उघड्यावर राहू देऊ नये. मोठ्या टोपात भरलेली आमटी किंवा उसळ तासन्‌तास आतून कोमट राहते, आणि तोच कोमटपणा जंतूंस मानवतो. ती पसरट भांड्यांत काढून निववावी आणि मग शीतकपाटात ठेवावी. वाढण्यापूर्वी नुसती कोमट न करता चांगली उकळी आणावी.

भाताच्या बाबतीत विशेष सावध राहावे. शिजवलेला भात उबेत राहिला तर त्यात एका जातीचे जंतू असे विष तयार करतात, की जे पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही. म्हणून पंगतीचा भात त्याच दिवशी, शक्यतो पंगतीच्या तोंडाशीच व्हावा. ओल्या नारळाचे वाटण आणि नारळाचा रस हेही त्याच दिवसाचे काम. नारळ आधी फोडून, खवून उघड्यावर ठेवला की तो आंबूस होतो आणि सगळा टोप वाया जातो.

आंबट पदार्थ पितळी किंवा तांब्याच्या भांड्यात ठेवायचा तर कल्हई शाबूत आहे की नाही, हे आधी पाहावे. आमसूल, चिंच, शिरका यांनी कल्हईविना तांबे अन्नात उतरते आणि मळमळ, ओकारी होते. जुन्या माणसांनी आंबटासाठी मातीची आणि चिनी मातीची भांडी ठेवली, त्यात शहाणपण होते.

तीन घरे, तीन स्त्रिया

आता मूळ मुद्द्याकडे येतो. कीर्तनाच्या व्यवसायात आम्हांस चार तपे होत आली. या काळात एक गोष्ट गावोगाव दिसली. पूर्वरंगास नमन होते तेव्हा सभामंडपात बहुतेक पुरुष असतात. स्त्रिया येतात त्या उत्तररंग अर्धा झाल्यावर, ओल्या हातांनी. आणि आरतीपूर्वीच त्यांतल्या निम्म्या उठतात, कारण मंडळींची पाने वाढायची असतात. गणपतीच्या दिवसांत तर घरची गृहिणी आरती स्वयंपाकघरातूनच ऐकते. ज्या देवासाठी एकवीस मोदक तिने वळले, त्या देवाचे मुख तिने धड पाहिलेले नसते.

भागवताच्या दशम स्कंधात, तेविसाव्या अध्यायात यज्ञपत्नींची कथा आहे. भुकेल्या गोपांनी यज्ञ करणाऱ्या ब्राह्मणांकडे अन्न मागितले. कर्मकांडात गढलेल्या ब्राह्मणांनी लक्ष दिले नाही. त्यांच्या पत्नींनी मात्र सिद्ध असलेले चतुर्विध अन्न भांड्यांत भरले आणि त्या श्रीकृष्णाकडे निघाल्या. आप्तांनी अडवले तरी थांबल्या नाहीत. पुढे त्या ब्राह्मणांना पश्चात्ताप झाला, की आपण एवढे विद्वान असून देव ओळखला नाही आणि स्त्रियांनी ओळखला. या कथेचे निरूपण करताना आम्ही श्रोत्यांस नेहमी विचारतो: अन्न घेऊन देवाकडे जाणाऱ्या त्या स्त्रियांची वाट आपण आपल्या घरात मोकळी ठेवली आहे काय?

दुसरी कथा आपल्या सखूची. कऱ्हाडच्या या भक्त स्त्रीला पंढरीस जायचे होते. सासरच्यांनी बांधून ठेवले. तेव्हा विठ्ठल स्वतः सखू होऊन तिच्या जागी उभा राहिला. त्याने तिची सगळी कामे केली आणि खरी सखू पंढरीस पोहोचली. हे आख्यान लागले की बायकांच्या डोळ्यांना पाणी येते, आणि ते केवळ भक्तीचे पाणी नसते. मात्र आम्ही येथे पुरुष श्रोत्यांकडे वळून सांगतो, की विठ्ठल प्रत्येक घरी भांडी घासायला येईलच असे धरून चालू नये. त्याने एकदा करून दाखवले ते आपण शिकावे म्हणून. सखूच्या जागी उभे राहणे हे आता घरातल्या बाकीच्यांचे काम आहे.

तिसरे घर ख्रिस्ती धर्मग्रंथातील. लूकच्या शुभवर्तमानात, दहाव्या अध्यायात मार्था आणि मरिया या दोन बहिणींची हकिगत आहे. येशू घरी आला. मरिया त्याच्या पायांशी बसून ऐकत राहिली, आणि मार्था पाहुणचाराच्या कामाने त्रासून गेली. तिने तक्रार केली, तेव्हा येशूने तिला प्रेमाने समजावले, की तू पुष्कळ गोष्टींची काळजी वाहतेस. मरियेने चांगला वाटा निवडला आहे. आम्हांस ही कथा वाचून मार्थेची कणव येते. ती बसली असती तर पाहुण्यांस जेवू कोणी घातले असते? नाताळचा महिनाभर आधीचा स्वयंपाक हे आमच्या मते मार्थेच्या तक्रारीचे व्यवहारी उत्तर आहे. आगमनकाळात ती मार्था होते, म्हणून मध्यरात्री तिला मरिया होता येते.

रांधणे हीच सेवा नव्हे काय?

कोणी म्हणेल, की स्वयंपाक हीच तिची पूजा; तिला वेगळी पूजा कशाला? हे म्हणणे अर्धे खरे आहे. मसुऱ्यानजीक आंगणेवाडीस भराडी देवीची जत्रा भरते. तिला ठरलेली तिथी नाही. देवीचा कौल घेऊन दिवस ठरतो. लाखांनी भाविक लोटतात. त्या दिवशी आंगणे कुळातील स्त्रिया आपापल्या घरी देवीचा प्रसाद रांधतात, तो मौन पाळून. रांधताना अक्षरही बोलायचे नाही. मग रात्री ती ताटे देवळात जातात. तेथे रांधणे ही निःसंशय उपासना आहे. मंत्राइतकी एकाग्रता तीत आहे.

पण त्या उपासनेचा थाट पाहा. दिवस आधी ठरलेला, सामग्री आधी सिद्ध, काम वाटलेले, आणि मधे कोणी ‘चहा टाक गो’ असे ओरडत नाही. शांतपणे रांधता आले तरच रांधण्याची पूजा होते. चार चुली, दहा पदार्थ, दारात पाहुणे आणि ओठांवर चिडचिड, अशा स्थितीत स्त्री राबते, तिला आपण सोयीने सेवा म्हणतो. आधी केलेल्या तयारीने स्वयंपाकाला शांतता मिळते आणि स्वयंपाकिणीला वेळ. पहिलीने रांधणे पवित्र होते, दुसरीने ती स्वतः देवापुढे बसू शकते.

आपल्या पंगतीची वाटणी

आता हा क्रम आपल्या शाकाहारी, नैवेद्याच्या स्वयंपाकास कसा लावावा, ते थोडक्यात सांगतो. शंभर पानांची पंगत धरू. आमच्याकडील आचारी किलोभर तांदळात आठ ते दहा पाने धरतात. म्हणजे शंभर पानांस दहा ते साडेबारा किलो तांदूळ आले. हा हिशेब महिनाभर आधी कागदावर मांडावा आणि सामानाबरोबर माणसांचीही नावे लिहावीत: नारळ कोण सोलणार, केळीची पाने कोण आणणार, वाढप्ये कोण, भांडी कोण घासणार. ज्या यादीत फक्त बायकांची नावे असतील ती यादी पुन्हा करावी.

मालवणी मसाला उन्हाळ्यातच होतो, तो असतोच. वड्यांचे पीठ आणि मोदकांची पिठी आठवडाभर आधी दळून ठेवावी. कोकमाचा आगळ मीठ घालून वर्षभर टिकतो. बेसनाचे किंवा रव्याचे लाडू, करंज्या, चिवडा हे चार-आठ दिवस आधी व्हावेत. आदल्या दिवशी काळे वाटाणे भिजत घालावेत, वड्यांचे पीठ मळून आंबत ठेवावे, पुरण शिजवून वाटावे, मोदकांचे सारण परतावे, आणि पुरण-सारण निववून शीतकपाटात ठेवावे. सोवळे पाळणाऱ्या घरांनी नैवेद्यापुरते थोडे पुरण, थोडे सारण त्या दिवशी सकाळी वेगळे करावे; एवढ्याला अर्धा तास पुरतो. त्या दिवशी चुलीवर राहील ते एवढेच: भात, वरण, काळ्या वाटाण्याचे सांबार, तळण आणि उकड. सोलकढीचा नारळाचा रस अगदी शेवटी काढावा.

असे केले तर सकाळी अकराच्या आरतीस घरची सून हात पुसून, नेसते लुगडे सारखे करून, ताम्हनाजवळ उभी राहू शकेल. पंगत अर्धा तास उशिरा बसली तर कोणाचे काही बिघडत नाही.

ताटे इकडून तिकडे

नाताळात आणखी एक रीत आहे. घरी केलेल्या गोड पदार्थांचे ताट, ज्यास गोव्याकडे कोंसुआद म्हणतात, भरतकामाच्या रुमालाने झाकून शेजारी पाठवले जाते. गणपतीत आणि दिवाळीत आपली ताटे तिकडे जातात. रिकामे ताट परत करायचे नाही, त्यात निदान साखर तरी घालायची, ही दोन्हीकडची रीत. वर्षात घरात मृत्यू झाला असेल तर त्या घरी सणाचे गोड होत नाही. तेव्हा शेजारचे ताट न चुकता जाते. हे दुःखातले नातेही दोन्हीकडे सारखेच आहे.

सोवळ्याच्या घरांस ताटातील अंड्याची वा मद्याची शंका येते. त्याला संकोच नको. शेजारणीला आपले नियम ठाऊक असतात. अनेक घरे आमच्यासारख्यांसाठी नेवऱ्यो, दोदोल आणि पेरूची वडी वेगळी काढून ठेवतात. आपण स्पष्ट सांगावे आणि आनंदाने घ्यावे. घेतलेले देवापुढे ठेवावे की नाही हा ज्याच्या त्याच्या आचाराचा प्रश्न. पण दारातून ताट परत फिरवणे हे अतिथीला देव मानणाऱ्या उपनिषदांच्या देशात शोभत नाही.

यंदाच्या नाताळात ज्या वाचकांच्या घरी असे ताट येईल त्यांनी ते घेताना एक गोष्ट करून पाहावी. ताट घेऊन आलेल्या माउलीला विचारावे, की मध्यरात्रीच्या प्रार्थनेत तुम्हांला पहिल्या गीतापासून बसता आले ना? तिचे उत्तर ऐकल्यावर आपल्या घरातील माउलीला विचारावे, की गेल्या गणपतीत तुला आरतीला किती वेळ उभे राहता आले? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर समाधानकारक नसेल, तर पुढच्या चतुर्थीची यादी आजच करायला घ्यावी. आठ-नऊ महिने हाती आहेत. एवढ्या अवधीत तांदळाची पिठीच काय, घरातील पुरुषांचे हातही कामाला तयार होतील.

आमच्या सर्व ख्रिस्ती शेजाऱ्यांस नाताळच्या शुभेच्छा, आणि सर्व भाविक घरांस मार्गशीर्षाचे पुण्य लाभो, ही श्रीचरणी प्रार्थना.